पहाटेचा व्यायाम रात्रीच्या ताटापासून

पहाटे साडेपाचला पुण्याच्या नारायण पेठेत रस्त्यावर फिरायला निघालेले लोक दोन प्रकारचे असतात. एक रात्री दहाला आडवे झालेले. ते पत्र्या मारुतीवरून झपाझप पावलं टाकत झेड ब्रिजकडे निघालेले असतात. दुसरे बारा-साडेबाराला झोपलेले. गजराने त्यांना उठवलेलं असतं आणि संकल्पाने घराबाहेर काढलेलं असतं. पहिले वर्षानुवर्षं दिसतात. दुसरे एक जानेवारीला, पाडव्याला, नाहीतर रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट हातात पडल्यावर उगवतात आणि दोन-तीन आठवड्यांत मावळतात. त्यांची जिद्द कमी पडते असं नाही. त्यांनी व्यायामाचा वेळ झोपेच्या खात्यातून काढलेला असतो आणि ते खातं फार दिवस उधारी चालवू देत नाही.

वेळ कुठून तरी काढावाच लागतो. याच पेठेतल्या केसरीवाड्यात ज्यांची उत्तरायुष्यातली वर्षं गेली, त्या लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष तालीम आणि पोहणं यांत घालवलं आणि किरकोळ प्रकृती कमावून घट्ट केली, ही गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांना माहीत आहे. तो वेळ त्यांनी सरळ अभ्यासातून काढला आणि त्याची किंमत परीक्षेत मोजली. आपला तास-सव्वातास कुठून येणार, हे आपणही आधी ठरवायला हवं. नोकरीतून तो मिळत नाही आणि झोपेतून घ्यायचा नाही. उरते ती संध्याकाळी साडेसात ते रात्री अकरापर्यंतची वेळ. खालच्या पायऱ्या मुख्यतः त्या साडेतीन तासांबद्दल आहेत.

१. पहिला आठवडा नुसती नोंद

लगेच गजर लावू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सात दिवस रोज तीन गोष्टी लिहा: दिवा किती वाजता मालवला, जाग किती वाजता आली आणि दुपारी तीनच्या सुमाराला पेंग आली का. आठ दिवसांनी हा कागद पाहिला की आपण 'सात तास तर झोपतोच' असं जे सांगत असतो, त्यातले साधारण किती तास खरे आहेत ते कळतं. अंथरुणावर पडून मोबाईल पाहण्यात गेलेला वेळ झोपेत धरायचा नाही.

प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. साधारण सात ते नऊ तास हा पट्टा मानला जातो. पासष्टीनंतर सात ते आठ. चौदा ते सतरा वयाच्या मुलांना आठ ते दहा. आपला आकडा नेमका कोणता, हे दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत समजतं. गजर न लावता झोपा. पहिले दोन-तीन दिवस मागची थकबाकी फिटण्यात जातात. त्यानंतर रोज जितके तास झोपून आपसूक जाग येते, तो आपला आकडा.

'मला सहा तास पुरतात' असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची सतर्कता एक-दोन रात्री पूर्ण जागरण केलेल्या माणसाइतकी खालावली होती. आपल्याला काही फारसं झालेलं नाही, असं मात्र त्यांना स्वतःला वाटत होतं. झोप कमी पडल्याचं ज्याचं त्याला कळत नाही. म्हणून कागदावर नोंद हवी.

२. उठायची वेळ मागून मोजा

पाचलाच उठलं पाहिजे असा काही नियम नाही. घरातून निघायच्या वेळेपासून मागे मोजत या. समजा, सव्वाआठला ऑफिसला निघायचं आहे. अंघोळ, नाश्ता, डबा यांना एक तास धरला तर सव्वासातला घरात परत हवं. व्यायाम पाऊण तास आणि जाण्यायेण्याची पंधरा मिनिटं धरली की सव्वासहाला बाहेर पडायचं. तोंड धुणं, पाणी, बूट यांना पंचवीस मिनिटं दिली तर जाग पाच पन्नासला यायला हवी. साडेसात तास झोप हवी असेल तर दहा वीसला डोळा लागला पाहिजे. म्हणजे दहा-पाचला अंथरुणात. एवढा हिशेब एकदा कागदावर मांडा. बहुतेकांच्या लक्षात येईल की पाचचा गजर त्यांनी उगाच लावला होता.

ऋतूप्रमाणे सूर्यही वेळ बदलतो. पुण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या दोन-चार मिनिटं आधीच उगवतो, तर जानेवारीच्या मध्यावर सात वाजून सात-आठ मिनिटं होतात. तासाहून अधिक फरक आहे. जुन्या लोकांचा ब्राह्ममुहूर्तही सूर्योदयाला बांधलेला आहे, घड्याळाला नव्हे. तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. म्हणजे पुण्यात जूनमध्ये साधारण चार वीसला सुरू होणारा ब्राह्ममुहूर्त जानेवारीत साडेपाचनंतर येतो. तेव्हा थंडीत सहाला उठणाऱ्याने स्वतःला आळशी म्हणवून घ्यायचं कारण नाही. उन्हाळ्यात पावणेसहा, हिवाळ्यात सव्वासहा अशा दोन वेळा ठेवल्या तरी चालतात. मात्र बदल एका रात्रीत करू नका.

३. जेवण साडेसात-पावणेआठला

सगळी मेख इथे आहे. आपल्याकडे रात्री लवकर झोपा असा सल्ला सगळे देतात, पण साडेनऊला जेवणारं घर दहाला झोपू शकत नाही. जेवण, मागची आवराआवर, उद्याचं कणीक-भाजी, मग जरा टीव्ही; अकरा कसे वाजले कळत नाही. भरल्या पोटी आडवं झालं की जळजळ, आंबट ढेकर आणि कूस बदलणं. जेवण आणि झोप यांत दोन-अडीच तासांचं अंतर हवं. दहाला झोपायचं तर साडेसात-पावणेआठला ताटावरून उठलेलं असायला हवं.

नोकरदार घरात हे थोड्या तयारीने जमतं. ऑफिसातून येणारा माणूस साडेसहा-सातला घरात शिरला की सवयीने चहा आणि चिवडा खातो, मग नऊपर्यंत भूक लागत नाही. त्या चहाच्या जागी थेट जेवण आणा. सकाळीच रात्रीची भाजी चिरून ठेवली असेल तर हे अवघड नाही. संध्याकाळचा चहा तसाही आड येतो: कॅफीन अर्धं उतरायला शरीराला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सहाला घेतलेल्या चहातलं अर्धं कॅफीन रात्री अकराला अंगात असतं. दहाला झोपणाऱ्याने शेवटचा चहा चारच्या आत घ्यावा.

लक्ष्मी रस्त्यावर किंवा अप्पा बळवंत चौकात दुकान असलेल्यांना साडेसातला घरी येणं शक्य नसतं. शटर ओढून, हिशेब मिटवून घर गाठेपर्यंत साडेनऊ होतात. त्यांनी जेवणाचे दोन भाग करावेत. सात वाजता दुकानातच डबा उघडायचा: भाकरी, भाजी, काकडी. घरी आल्यावर घरच्यांबरोबर बसायचं, पण ताटात वाटीभर मऊ भात किंवा नुसतं ताक. संगत राहते, पोट हलकं राहतं आणि साडेदहाला झोप लागते. मेसचा डबा घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही तेच लागू आहे. डबा साडेसातला येतो, पण खोलीतले सगळे जमेपर्यंत तो टेबलावर निवत राहतो. ज्याला पहाटे पळायचं आहे त्याने वाट पाहू नये.

४. घरातल्यांची झोप मोडू नका

जुन्या वाड्यातली खोली असो की वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतला वन-बीएचके, पेठेतल्या घरात एकाचा गजर चौघांना उठवतो. त्यातही बहुतेक घरांत सर्वांत शेवटी झोपणारी आणि सर्वांत आधी उठणारी व्यक्ती एकच असते, आणि ती स्वयंपाकघरात असते. नवऱ्याने पाचला उठून 'जरा चहा टाकतेस का?' असं विचारलं की त्याचा व्यायाम तिच्या झोपेतून निघाला. तेव्हा नियम सरळ ठेवा: जो उठेल त्याने आपला चहा आपण करायचा, आणि तोही आल्यावर. रात्रीची आवराआवर वाटून घेतली तर साडेदहापर्यंत ओट्यावर उभं राहणाऱ्या बाईलाही दहाला झोपता येतं, आणि तिलाही सकाळी फिरायला जावंसं वाटू शकतं.

कोणाचीही झोप न मोडता बाहेर पडायची एक पद्धत आहे. गजराचा आवाज बंद ठेवून मनगटावरच्या घड्याळाचा किंवा उशीखालच्या मोबाईलचा नुसता कंप ठेवा. टी-शर्ट, पँट, मोजे, किल्ली, रुमाल हे सगळं आदल्या रात्री बाहेरच्या खोलीत खुर्चीवर काढून ठेवा. कपाटाचं दार पहाटे उघडायला लागता कामा नये. कडीला आणि बिजागऱ्यांना महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात. वाड्यात लाकडी जिना असेल तर बूट हातात घेऊन उतरा आणि ओसरीवर बसून घाला. खालच्या खोलीतल्या आजी तुम्हाला दुवा देतील.

५. आठवड्याला पंधरा मिनिटं

सातला उठणाऱ्याने उद्यापासून पावणेसहाला उठायचं ठरवलं तर शरीर ऐकत नाही. आपल्या आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप उशिरा नेणं सोपं आणि अलीकडे आणणं कठीण. दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे या. सातवरून पावणेसहावर यायला पाच आठवडे लागतील, आणि ते लागू द्या. जेवण आणि अंथरूण हेही त्याच प्रमाणात अलीकडे आणा. जेवण हलवल्याशिवाय गजर हलवायचा नाही.

आतलं घड्याळ हलवायला सर्वांत मोठी मदत उजेडाची होते. जाग आल्यावर पहिल्या तासात अर्धा तास उघड्यावर राहिलात की त्या रात्री झोप जरा आधी येते. उलट, रात्री साडेनऊनंतर डोळ्यांसमोर चमकणारा पडदा आणि डोक्यावर पांढरी ट्यूब असेल तर झोप मागे ढकलली जाते. दिवसात दहा वेळा व्हॉट्सअॅप पाहतोच. साडेनऊला फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजरासाठी साधं घड्याळ घ्या.

रविवारी तासाभरापेक्षा जास्त उशिरा उठू नका. शनिवारी रात्री एकला झोपून रविवारी दहाला उठलात, तर सोमवारी सकाळी शरीर वेगळ्याच देशात असतं.

६. पेठ झोपली नाही तरी

नारायण पेठ रात्रीची शांत वस्ती नाही. लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, अलका चौक ही वर्दळ साडेदहा-अकरापर्यंत सरत नाही. श्रावणाच्या आधीपासून नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळी सुरू होतो. रस्त्याच्या बाजूची खोली असेल तर अंथरूण आतल्या खोलीत हलवा. कापसाचे किंवा फोमचे कानातले बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. पंख्याचा एकसारखा आवाजही बाहेरची वर्दळ झाकतो. खिडकीवर जाड पडदा लावा, कारण रस्त्यावरचा एलईडी दिवा थेट उशीवर पडतो.

गणेशोत्सवात पहाटे उठायचा हट्ट धरू नका. मानाचा पाचवा केसरीवाड्याचा गणपती याच पेठेतला. विसर्जनाची मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरून अलका चौकात येते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी असली, तरी सणाच्या काही दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. त्या दहा दिवसांत व्यायाम संध्याकाळी ठेवा. दर्शनासाठी पेठा पालथ्या घातल्यात तर तसंही चालणं भरपूर होतं.

७. उठल्यावरची पंचवीस मिनिटं

गजर झाल्याबरोबर पायऱ्या चढायला धावू नका. जाग आल्यावर पहिली पंधरा मिनिटं ते अर्धा तास मेंदू अजून अर्धवट झोपेत असतो. तोल आणि निर्णय दोन्ही कच्चे असतात. आधी अंथरुणावर उठून बसा, मिनिटभर थांबा, मग पाय खाली ठेवा. साठीच्या पुढच्यांनी आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावं. पेलाभर पाणी घ्या. पोट अगदीच रिकामं वाटत असेल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर पुरे. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी व्यायाम करावा की नाही, हे डॉक्टरांना विचारून ठरवा आणि खिशात साखरेची पुडी ठेवा.

घोटे, गुडघे, कंबर, खांदे प्रत्येकी काही वेळा फिरवा. पहिली दहा मिनिटं सावकाश चाला. पहाटे सांधे आखडलेले असतात; ते मोकळे झाल्याशिवाय वेग वाढवू नका.

८. कुठे जायचं

रोजच्यासाठी सर्वांत सोपी जागा म्हणजे सकाळचा लक्ष्मी रस्ता. अलका चौकातून बेलबाग चौकापर्यंत जाऊन परत आलं की अडीच-तीन किलोमीटर होतात. दिवे असतात, रस्ता सपाट, शटर बंद, दिवसभर जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे मधोमध चालता येतं. अंधारात एकट्याने जाणाऱ्या बायकांना नदीपात्रातल्या रस्त्यापेक्षा हा रस्ता बरा. शक्य असेल तर शेजारणीला जोडीला घ्या. ठरलेल्या जागी कोणी वाट पाहत असलं की गजर पुढे ढकलायचा मोहही होत नाही.

झेड ब्रिजवर चारचाकी नसते, त्यामुळे तो ओलांडून जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात जाणं सोपं आहे. दक्षिणेला सारसबाग आहे. महापालिकेच्या बागा ठरावीक वेळेतच उघड्या असतात. दारावरची पाटी एकदा वाचून घ्या, नाहीतर सूर्योदयाआधी बंद दारासमोर उभं राहाल. दम वाढवायचा असेल त्याच्यासाठी पर्वती आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या त्या देवळाकडे १०३ पायऱ्या चढून जाता येतं. आठवड्यातून दोनदा तिकडे जा. रोज नको, गुडघे तक्रार करतात. उतरताना धावायचं नाही.

ऋतूंचं भान ठेवा. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातात. त्या दिवसांत नदीकडे फिरकू नका. घरातच चटई अंथरा. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो याच हिशेबाने, की जागा माणसाच्या लांबीएवढी लागते आणि साधन काहीच लागत नाही. शिकून करायचं असेल तर पेठेतच कबीरबाग आहे, तिथे योगोपचाराचं काम चालतं.

हिवाळ्यात वेगळी अडचण. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर-धूळ तिच्यातच अडकते. पालापाचोळा जाळल्याचा वास येत असेल किंवा हवेची गुणवत्ता सांगणाऱ्या 'सफर' सेवेवर हवा वाईट दाखवत असेल, तर पळणं ऊन वर येईपर्यंत पुढे ढकला किंवा घरातच व्यायाम करा. दमेकऱ्यांनी तर नक्कीच. उन्हाळ्यात उलट: एप्रिल-मेमध्ये साडेसातनंतर ऊन चटकायला लागतं, तेव्हा लवकर उरका.

९. किती पुरे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम हवा, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. म्हणजे पाच दिवस अर्धा तास झपझप चालणं आणि दोनदा दंड-बैठका, एवढ्याने भागतं. सातही दिवस पहाटे उठायची गरज नाही. पहिले दोन महिने चार दिवस ठरवा आणि ते चारही पाळा.

किती जोर लावावा, याचा जुना मापदंड अजून चालतो. 'अष्टांगहृदय' ग्रंथात थंडीत आणि वसंतात निम्म्या ताकदीपर्यंत आणि इतर ऋतूंत त्याहून कमी व्यायाम करावा असं सांगितलं आहे. कपाळावर घाम आला, बोलता येतंय पण गाता येत नाही, असं झालं की तिथे थांबा. दमून घरी येणारा माणूस दुसऱ्या दिवशी उठत नाही.

१०. झोप चुकली त्या रात्रीचा नियम

लग्न, नाटक, आजारपण, परगावहून उशिरा आलेली गाडी. अशा रात्री येणारच. त्यासाठी नियम आधीच ठरवून ठेवा. सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर गजर बंद करून झोपायचं. सहा ते सात तास झाली असेल तर फक्त चालायचं, पळणं आणि वजनं नाहीत. सात तास झाली असेल तर ठरलेला व्यायाम. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप जास्त येते आणि पहाटेकडे स्वप्नांची. बाराला झोपून पाचला उठलात की साखरझोपेतली ही दुसरी झोप बरीचशी कापली जाते. त्या सकाळी केलेल्या व्यायामाचा फायदा चिडचिडीत आणि दुचाकी चालवताना आलेल्या डुलकीत वाहून जातो.

दुपारच्या एक ते चारबद्दल पुणेकरांची चेष्टा झाली तेवढी पुरे. वामकुक्षीत तथ्य आहे. मात्र ती वीस मिनिटांची हवी आणि तीनच्या आत संपायला हवी. तास-दीड तास झोपलात तर रात्रीचे दहा वाजून जातात आणि डोळे टक्क उघडे. उन्हाळ्यात रात्री लहान असतात म्हणून दुपारची झोप आयुर्वेदानेही मान्य केली आहे.

पहाट कोणी सोडून द्यावी

रात्रपाळी करणाऱ्यांनी, तान्ह्या बाळाच्या आईवडिलांनी आणि दहावी-बारावीच्या मुलांनी पाचचा हट्ट धरू नये. किशोरवयात आतलं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं. रात्री बारापर्यंत अभ्यास करणाऱ्या पोराला पहाटे सूर्यनमस्काराला उठवणं म्हणजे त्याची झोप आणि अभ्यास दोन्हीवर पाणी.

पेठेतल्या अभ्यासिकांत रात्री एकपर्यंत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना हे विशेष सांगायचं आहे. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर पळायचं असतं, तेव्हा धावण्याचा सराव हवाच. पण कॉट बेसिसच्या खोलीत एकला झोपून साडेचारला मैदानावर गेल्याने वेळ कमी होत नाही. शरीर दुरुस्त होतं ते झोपेत. दोनपैकी एक निवडा. रात्री दहाला पुस्तक मिटून पहाटे पळा, किंवा उशिरापर्यंत वाचून सकाळी आठपर्यंत झोपा आणि संध्याकाळी साडेपाचला पळा. चाचणीच्या आधीचे तीन-चार आठवडे मात्र चाचणीच्या वेळेलाच सराव करा, आणि त्यासाठी झोपेची वेळ आधीपासून सरकवत आणा.

रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून जाग येणं, आठ तास झोपूनही दिवसा पेंगणं, ही लक्षणं असतील तर गजर हा उपाय नव्हे, डॉक्टरांना दाखवा. चढताना छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ आली तर त्याच क्षणी थांबा आणि दवाखाना गाठा.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका. नोंदीचा आठवडा झाला की पुढच्या सोमवारपासून फक्त एक करा: रात्रीचं जेवण पाऊण तास अलीकडे घ्या. पंधरा दिवस ते टिकलं तर गजराला हात लावा. नाही टिकलं तर संध्याकाळी व्यायाम करा आणि पूर्ण झोपा. त्यात कमीपणा काही नाही.